अंगणातील माती आणि शिशाचे विष : डॉ. हॉवर्ड मिल्के यांचे संशोधन

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यांची धुराडी, काळवंडलेल्या नद्या आणि वाहनांचा धूर उभा राहतो. मातीचे प्रदूषण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, सांडपाण्याला दुर्गंधी येते. परंतु शिसे मिसळलेली माती साध्या मातीसारखीच दिसते. तिला वेगळा वास नसतो, रंग नसतो. तिच्यात गवत उगवते, फुले फुलतात, भाजीही येते. आणि त्याच मातीत आपली लहान मुले खेळतात, रांगतात व तेच हात तोंडात घालतात.

अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची चार दशकांहून अधिक वर्षे या न दिसणाऱ्या विषाचा माग काढण्यात घालविली. त्यांचे नाव डॉ. हॉवर्ड मिल्के. बाल्टिमोर, मिनेसोटा आणि न्यू ऑर्लिन्स येथील हजारो मातीचे नमुने तपासून त्यांनी जे दाखवून दिले, ते आपल्याकडील पालकांना, शिक्षकांना आणि वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही जाणून घेण्यासारखे आहे. म्हणूनच या संशोधनाची ओळख वाचकांना करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जड धातू म्हणजे काय?

शिसे, कॅडमियम, पारा, निकेल, तांबे, जस्त यांसारख्या धातूंना सर्वसाधारणपणे ‘जड धातू’ म्हणतात. यांपैकी तांबे व जस्त अल्प प्रमाणात वनस्पतींना आणि आपल्या शरीराला आवश्यक असतात. शिसे, पारा व कॅडमियम यांचा मात्र मानवी शरीराला कोणताही उपयोग नाही.

या धातूंचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. पालापाचोळा कुजतो आणि अनेक कीटकनाशके कालांतराने विघटित होतात. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, जिवाणूही त्याला खाऊन संपवीत नाहीत. एकदा मातीत पडलेले शिसे चिकणमातीच्या व सेंद्रिय द्रव्याच्या कणांना घट्ट धरून बसते आणि पावसाने सहसा खोलवर वाहून जात नाही. परिणामी ते वरच्या काही सेंटीमीटर थरातच साठत जाते, म्हणजे नेमके मुलांच्या हातापायांना लागते त्या थरात.

निसर्गतःही मातीत थोडे शिसे असतेच. साधारणतः एक किलो मातीत दहा ते तीस मिलिग्रॅम एवढे त्याचे प्रमाण आढळते. प्रश्न उद्भवतो तो माणसाने आपल्या हाताने त्यात जी भर घातली तिच्यामुळे.

पेट्रोलमधून मातीत

ही भर आली कोठून? घरांना लावलेला शिसेयुक्त रंग, शिसे वितळविणारे कारखाने, जुन्या बॅटऱ्या असे तिचे अनेक मार्ग आहेत. परंतु विसाव्या शतकात जगभरातील शहरांवर शिशाची जी धूळ पसरली, तिच्यात पेट्रोलचा वाटा फार मोठा होता.

१९२१ साली जनरल मोटर्स या कंपनीत काम करणारे थॉमस मिजली यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग अल्प प्रमाणात मिसळले असता इंजिनातील ठोके थांबतात. १९२३ मध्ये असे पेट्रोल अमेरिकेत विक्रीस आले. दुसऱ्याच वर्षी, १९२४ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. १९२५ मध्ये सरकारने तज्ज्ञांची परिषद बोलाविली. औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे या पेट्रोलला विरोध केला. परंतु नेमलेल्या समितीने काही महिन्यांच्या पाहणीनंतर बंदीचे सबळ कारण दिसत नाही असे कळविले आणि विक्री पुन्हा सुरू झाली. पुढील साठ वर्षांत मोटारींच्या नळकांड्यांतून लक्षावधी टन शिसे हवेत सोडले गेले.

हवेत गेलेले शिसे हवेतच राहत नाही. मोठे कण रस्त्याच्या कडेला पडतात. बारीक कण वाऱ्याबरोबर जाऊन घरांच्या भिंतींवर आदळतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर भिंतीच्या पायथ्याशी उतरतात. म्हणजे मोटार निघून जाते, धूर विरून जातो; पण त्याचा हिशेब माती जपून ठेवते.

या धोक्याकडे १९६५ मध्ये भू-रसायनशास्त्रज्ञ डॉ. क्लेअर पॅटरसन यांनी लक्ष वेधले. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे आहे हे शिशाच्या समस्थानिकांवरून ठरविणारे हेच शास्त्रज्ञ होत. आधुनिक मानवाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी अधिक आहे, असे त्यांनी साधार मांडले. १९७९ मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी कमी, असे त्यांना आढळले. या मुलांमध्ये विषबाधेची कोणतीही उघड लक्षणे नव्हती, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

बाल्टिमोरच्या परसबागा

डॉ. मिल्के यांचे काम सुरू झाले ते भाजीपाल्याच्या परसबागांतून. १९७० च्या दशकात ते मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी अध्यापन करीत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या केंद्रापासून तीस मैलांच्या परिघातील भाजीपाल्याच्या बागा कोणतीही पूर्वयोजित निवड न करता घेतल्या आणि मातीचे ४२२ नमुने गोळा केले. प्रत्येक नमुन्यातील शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल व जस्त यांचे प्रमाण मोजून ते नकाशावर मांडले.

नकाशा पाहताच एक गोष्ट स्पष्ट झाली. अधिक दूषित बागा शहराच्या मध्यभागी दाटीने एकत्र आलेल्या होत्या आणि बाहेरच्या वस्त्यांकडे जावे तसतसे प्रमाण उतरत होते. हा केवळ योगायोग असू शकेल काय? संख्याशास्त्राच्या कसोटीने उत्तर दिले की, अशी रचना निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता धातूनुसार एकावर पंधरा ते तेवीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत एक, एवढी नगण्य आहे. १९८३ साली अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

त्या काळी तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असे होते की, मुलांच्या रक्तात शिसे येते ते जुन्या घरांच्या भिंतींवरील रंगाचे पोपडे खाल्ल्यामुळे. घर जुने, रंग जुना, म्हणून मूल आजारी. हे कारण खोटे नव्हते. परंतु बाल्टिमोरच्या नकाशाचा उलगडा त्याने होत नव्हता. कारण शहराच्या मध्यभागातील पुष्कळशी घरे न रंगविलेल्या विटांची होती, तर लाकडी व रंगविलेली घरे बाहेरच्या भागात अधिक होती. रंग हेच मुख्य कारण असते, तर बाहेरची माती अधिक दूषित असावयास हवी होती. प्रत्यक्षात नेमके उलटे होते. मग मध्यभागी असे काय होते जे बाहेर नव्हते? तेथे चहूबाजूंनी येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवरील वाहनांची अखंड गर्दी होती.

मोठे शहर आणि लहान शहर

चांगला शास्त्रज्ञ एका उत्तरावर समाधान मानीत नाही. तो त्या उत्तराची दुसरीकडे परीक्षा घेतो. डॉ. मिल्के पुढे मिनेसोटा राज्यात गेले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. मिनिॲपोलिस व सेंट पॉल ही जुळी शहरे मोठी. त्याच राज्यातील लहान शहरांतही तितकीच जुनी घरे आहेत आणि त्यांनाही त्याच काळातला रंग लावलेला आहे. जर केवळ घराचे वय आणि रंग महत्त्वाचा, तर दोन्हीकडची माती सारखीच दूषित असली पाहिजे.

ती तशी नव्हती. सारख्याच वयाच्या घरांजवळ मोठ्या शहरांतील मातीत शिशाचे प्रमाण लहान शहरांतील प्रमाणाच्या दहापट आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळले. भेद घराच्या वयाचा नव्हता. भेद शहराच्या आकाराचा व त्यातील वाहतुकीचा होता.

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्येच बंदी आली होती. पेट्रोलमधील शिसे मात्र टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. तेथील पर्यावरण संरक्षण यंत्रणेने १९८५ मध्ये केलेल्या नियमाने १ जानेवारी १९८६ पासून एका गॅलनमागे केवळ ०.१ ग्रॅम शिशाची मर्यादा घातली आणि १९९६ पासून रस्त्यावरील मोटारींसाठी असे पेट्रोल विकण्यास पूर्ण बंदी झाली. हा निर्णय कोणा एका शास्त्रज्ञामुळे झाला नाही. अनेकांच्या अभ्यासाचा व अनेकांच्या चिकाटीचा तो परिपाक होता. मातीच्या नकाशांनीही त्यात आपला वाटा उचलला.

न्यू ऑर्लिन्स : गल्लीगल्लीतील नोंद

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मिल्के लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे झेवियर विद्यापीठात दाखल झाले. आमच्या वाचकांना या विद्यापीठाविषयी आस्था वाटेल. गोव्यात ज्यांचे पार्थिव अवशेष जतन केलेले आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव धारण करणारी ही संस्था १९२५ मध्ये संत कॅथरिन ड्रेक्सेल व त्यांच्या भगिनी संघाने स्थापन केली. वर्णभेदामुळे ज्यांना अन्यत्र प्रवेश मिळत नसे, त्या कृष्णवर्णीय तरुणांना उच्च शिक्षण मिळावे हा तिचा उद्देश होता. शिशाचे संशोधन येथे यावे यात एक औचित्य होते. कारण शहराच्या मध्यभागी, सर्वाधिक दूषित मातीवर, बहुतांशी गरीब व कृष्णवर्णीय कुटुंबेच राहत होती.

येथे डॉ. मिल्के यांनी जनगणनेचा प्रत्येक विभाग हा एकक धरून साऱ्या शहराची पाहणी केली. पद्धत साधी, परंतु काटेकोर होती. प्रत्येक विभागातून एकोणीस नमुने घ्यावयाचे : नऊ वस्तीतील रस्त्यांच्या कडेचे, चार रहदारीच्या रस्त्यांच्या कडेचे, तीन घरांच्या भिंतीलगतचे आणि तीन मोकळ्या जागेतील. माती घ्यावयाची ती वरच्या सुमारे अडीच सेंटीमीटर थरातली, कारण मुलाचा हात त्याहून खोल जात नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या दुसऱ्या पाहणीत २८६ विभागांतून सुमारे साडेपाच हजार नमुने जमा झाले. एखाद्या अंगणातील मूठभर माती फारसे काही सांगत नाही. परंतु अशा हजारो मुठी एकत्र मांडल्या की संपूर्ण शहराचा इतिहास वाचता येतो.

या नकाशावर त्यांनी दुसरा नकाशा ठेवला : त्याच विभागांतील बालकांच्या रक्तात आढळलेल्या शिशाचा. दोन्ही नकाशे जुळले. जेथे मातीत शिसे अधिक, तेथे मुलांच्या रक्तातही अधिक. आणखी एक बाब लक्षणीय होती. मातीतील शिसे थोडेसे वाढले, तरी आरंभी रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते आणि पुढे ही चढण मंदावते. याचा अर्थ असा की, ‘थोडेसे शिसे चालेल’ असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुमानाकडेही लक्ष दिले. मुलांच्या रक्तातील शिसे उन्हाळ्यात वाढते आणि थंडीत उतरते, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंडियानापोलिस, सिरॅक्यूज व न्यू ऑर्लिन्स येथील हवामानाच्या नोंदी रक्ततपासणीच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. माती कोरडी पडते, वाऱ्याने धूळ उडते, तेव्हा रक्तातील शिसे वाढते, असे त्यातून दिसले. भिंतीवरचा रंग काही उन्हाळ्यात अधिक आणि हिवाळ्यात कमी होत नाही. धूळ मात्र होते.

लहान मुलेच का?

शरीराला शिसे ओळखता येत नाही. रासायनिक दृष्ट्या ते कॅल्शियमची नक्कल करते. हाडे बांधण्यासाठी, मज्जातंतूंचे संदेश पोहोचविण्यासाठी शरीर कॅल्शियम शोधत असते आणि त्याच दाराने शिसे आत शिरते. ते मेंदूच्या वाढीत अडथळा आणते, रक्तनिर्मितीवर परिणाम करते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गर्भारपणी हाडांतील कॅल्शियम वापरले जाते, तेव्हा त्याबरोबर हे साठलेले शिसेही सुटते व मातेच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले प्रौढांच्या मानाने चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेतात. त्यात मूल जमिनीलगत वावरते, दिसेल ती वस्तू तोंडात घालते. एक ते तीन वर्षांचे वय हे सर्वांत जोखमीचे, आणि मेंदूची वाढही याच वयात वेगाने होत असते. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक आहे असे आजवर दिसून आलेले नाही, हे संघटनेने स्पष्ट केले आहे.

म्हणूनच मोजमापाची पट्टी हळूहळू खाली येत गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९१ मध्ये एक डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर, रक्तात १० मायक्रोग्रॅम ही चिंतेची पातळी ठरविली होती. २०१२ मध्ये संदर्भाची पातळी ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. मातीच्या बाबतीतही तसेच घडले. निवासी जागेतील माती तपासणीसाठी एक किलोमागे ४०० मिलिग्रॅम ही पातळी अनेक वर्षे धरली जात असे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी यंत्रणेने ती २०० वर आणली. ज्या मर्यादा कालपर्यंत सुरक्षित म्हणून सांगितल्या गेल्या, त्या सुरक्षित नव्हत्या, असाच याचा अर्थ होतो.

महापुरानंतरची माती

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळले. बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या आपत्तीतील जीवितहानी सर्वज्ञात आहे. डॉ. मिल्के यांच्याकडे मात्र वादळापूर्वीच्या शहराचा मातीचा संपूर्ण नकाशा तयार होता. पुढे टुलेन विद्यापीठातून काम करीत असताना त्यांनी तेच विभाग, तीच पद्धत अवलंबून पुन्हा पाहणी केली.

२०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७४ विभागांतील मातीच्या शिशाचे मध्यक मूल्य सुमारे पंधरा वर्षांत किलोमागे ९९ मिलिग्रॅमवरून ५४ मिलिग्रॅमवर आले होते. म्हणजे सुमारे ४५ टक्के घट. २००० ते २००५ या काळात मुलांच्या रक्तातील मध्यक मूल्य ३.६ मायक्रोग्रॅम होते, ते २०११ ते २०१६ या काळात १.२ वर उतरले. माती स्वच्छ होत गेली आणि मुलांचे रक्तही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन गोष्टी एकत्र घटल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी घटली असे सिद्ध होत नाही. डब्यांच्या सांध्यांतील शिसे गेले, रंगांवर निर्बंध आले, या साऱ्यांचाही लाभ मुलांना झाला. संशोधकांनी ते मान्य केले आहे. तथापि, माती हा या घटीमागील एक महत्त्वाचा घटक आहे असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि बाल्टिमोरपासूनचा सारा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवितो.

खणू नका, झाका

दोष दाखविणे सोपे, उपाय सांगणे कठीण. शहरभरची माती खणून कोठे नेणार? आणि जेथे नेऊन टाकू, तेथील लोकांचे काय? डॉ. मिल्के यांनी सुचविलेला उपाय ऐकावयास अगदी साधा आहे. दूषित माती जागीच ठेवून तिच्यावर स्वच्छ माती पसरावी.

न्यू ऑर्लिन्समधील दहा बालसंगोपन केंद्रांच्या अंगणांत हा प्रयोग करण्यात आला. जुन्या मातीवर पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरले आणि त्यावर मिसिसिपी नदीच्या गाळाची १५ सेंटीमीटर जाडीची माती घातली. या नदीकाठच्या गाळात शिसे अत्यल्प असते. आरंभी या अंगणांतील शिशाचे मध्यक मूल्य किलोमागे ५५८ मिलिग्रॅम होते, ते ४.१ वर आले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नॉर्वे देशानेही बालवाड्यांच्या अंगणातील माती तपासून ती स्वच्छ करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता.

या विचारामागील तत्त्व आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. मुलाच्या रक्तात शिसे सापडल्यावर घराची तपासणी करणे, म्हणजे मुलाचाच मापनयंत्रासारखा उपयोग करणे होय. मेंदूची झालेली हानी पुढे सहसा भरून निघत नाही. म्हणून आधी माती तपासावी, मूल आजारी पडण्याची वाट पाहू नये, हे डॉ. मिल्के यांच्या साऱ्या कार्याचे सार आहे.

आपल्याकडे काय?

न्यू ऑर्लिन्सचे आकडे जसेच्या तसे मुंबईला, वसईला किंवा पुण्याला लावता येणार नाहीत. प्रत्येक ठिकाणची माती, पाऊस आणि वाहतुकीचा इतिहास निराळा असतो. परंतु कारणे मात्र आपल्याकडेही तीच होती. शिसेविरहित पेट्रोल भारतात १९९५ मध्ये प्रथम चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर सर्वत्र त्याचीच विक्री सुरू झाली. म्हणजे त्यापूर्वी कित्येक दशके आपल्या रस्त्यांच्या कडेलाही शिशाची धूळ पडत होती. जगात शेवटी अल्जीरिया देशाने २०२१ मध्ये मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे थांबविले आणि शंभर वर्षांचा हा अध्याय संपला. पेट्रोलपुरता तो संपला, मातीपुरता नाही.

घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तरीही त्यापूर्वी रंगविलेली दारे, खिडक्या आणि लोखंडी जाळ्या आजही घरोघरी आहेत. तिसरे कारण अधिक गंभीर आहे. वापरलेल्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळविण्याचे धंदे अनेक ठिकाणी चालतात. त्यांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये नियम करण्यात आले. परंतु युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतातील सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे असावे असा अंदाज आहे.

शेतकरी बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सेंद्रिय कर्ब, सामू, क्षारता व काही सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. शिसे किंवा कॅडमियम त्यांत नसते. पत्रिका चांगली आली म्हणजे माती जड धातूंपासून मुक्त आहे असे मानू नये. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

घरी व वाडीत काय करावे?

भीती बाळगण्याचे कारण नाही. सावध राहण्याचे आहे. पुढील गोष्टी कोणत्याही कुटुंबाला सहज करता येतील.

मुलांना जेवणापूर्वी व झोपण्यापूर्वी हात स्वच्छ धुण्याची सवय लावावी. पादत्राणे दाराबाहेर काढण्याची आपली जुनी रीत केवळ शिष्टाचार नाही. रस्त्यावरची धूळ घरात न येऊ देण्याचा तो उत्तम मार्ग आहे. कोरडा केर काढताना धूळ उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी. जुना रंग काढताना तो कोरडा घासू नये; आधी ओला करावा, खाली कापड अंथरावे आणि ते काम चालू असताना मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे.

भाजीचा वाफा वाहत्या रस्त्याच्या कडेला किंवा जुन्या रंगविलेल्या भिंतीच्या पायथ्याशी करू नये. टोमॅटो, वांगी यांसारख्या फळभाज्यांत शिसे फारसे उतरत नाही; पालेभाज्यांवर मात्र धूळ बसते आणि मुळा, गाजर यांच्या सालीला माती चिकटते. म्हणून पालेभाजी तीन-चार पाण्यांतून धुवावी व कंदमुळे सोलून घ्यावीत. वाफ्यात कुजलेले शेणखत व कंपोस्ट भरपूर घालावे. सेंद्रिय द्रव्य शिशाला बांधून ठेवते. उघडी माती गवताने वा पालापाचोळ्याने झाकावी. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असेल, तर शरीर शिसे कमी शोषते. नाचणी, दूध, हिरव्या पालेभाज्या या दृष्टीने उपयुक्त आहेत.

यापुढचे काम एकट्या कुटुंबाचे नाही. बालवाडी किंवा शाळा चालविणाऱ्या संस्थांनी आपले मैदान रहदारीच्या रस्त्यालगत असेल, अथवा तेथे पूर्वी गॅरेज वा बॅटरीचे दुकान असेल, तर तेथील वरच्या थराची माती एकदा प्रयोगशाळेतून शिशासाठी तपासून घ्यावी. दोष आढळल्यास स्वच्छ मातीचा जाड थर पसरणे हे काही आवाक्याबाहेरचे काम नाही. ज्या वस्तीत बॅटऱ्या फोडल्या जातात, तेथील रहिवाशांनी एकत्र येऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी; कारण या धंद्यात राबणारा मजूर आणि त्याची मुले हीच त्याची पहिली शिकार ठरतात.

डॉ. मिल्के यांच्या नकाशांनी एक कटु सत्यही दाखवून दिले. पेट्रोलचा लाभ साऱ्या समाजाने घेतला, मोटारी घेऊन संपन्न कुटुंबे शहराबाहेर राहावयास गेली. आणि त्या मोटारींचे शिसे मात्र मध्यवस्तीत मागे राहिलेल्या गरिबांच्या अंगणात साचले. ज्यांच्यापाशी मोटार नव्हती, त्यांच्या मुलांनी तिची किंमत चुकविली. विज्ञानाने येथे केवळ धातूचे मोजमाप केले नाही, तर अन्यायाचेही केले. आपल्या गावी व शहरात ही मोजणी अजून व्हावयाची आहे. आणि ती मुलांच्या रक्तात नव्हे, तर त्यांच्या पायाखालच्या मातीत व्हावी, एवढीच अपेक्षा.